स्लाइडवर न आलेली गोष्ट

पडद्यावरच्या चौकोनात एक ओळ लिहायची: ठिबक सिंचन आणि जमिनीतला ओलावा, दहा स्लाइड, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी. एंटर दाबायचं. आधी दहा शीर्षकांची यादी समोर येते. ती मान्य केली की स्लाइड भराभर तयार होऊ लागतात. डावीकडे चित्र, उजवीकडे तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याच्या डोक्यावर एकेक छोटं चिन्ह: थेंब, पान, सूर्य. रंग एकमेकांना शोभणारे, अक्षरं डोळ्यांना सुखावणारी, कडांची मोकळी जागा मोजून सोडल्यासारखी. चहा गाळून होईपर्यंत पीपीटी तयार असते. गॅमा, कॅनव्हा, मायक्रोसॉफ्टचा कोपायलट, गुगलचं जेमिनाय, कोणतंही साधन घ्या. बारकावे निराळे, पण चाल साधारण हीच.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट रिव्ह्यू घेणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे, त्यामुळे वर्षाकाठी पीपीटींचे ढीग डोळ्यांखालून जातात. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरअखेर आलं. पुढच्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवरपॉइंटच्या पोटातच कोपायलट बसवणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत आमच्या सेमिनार हॉलमधला पडदा पार बदलून गेला. वाकडेतिकडे तक्ते गेले, पिवळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं गेली, उडत उडत येणारी शीर्षकं गेली. सगळ्या स्लाइड देखण्या झाल्या आणि सगळ्यांचं वजन सारखं झालं.

हे सारखं वजन मला अस्वस्थ करतं. प्रस्तावनेला तीन मुद्दे, फायद्यांना तीन मुद्दे, अडचणींनाही तीनच. ज्या अडचणीपायी अख्खा प्रकल्प बंद पडू शकतो ती, आणि जी दोन रुपयांच्या वायसरने सुटते ती, दोन्ही एकाच मापाच्या अक्षरांत शेजारी शेजारी बसलेल्या असतात. ऐकणाऱ्याने कुठे थांबायचं, कशाने दचकायचं, काय घरी घेऊन जायचं, याचा पडद्यावर काही पत्ता नसतो. आपलं म्हणणं मांडायला उभ्या राहिलेल्या माणसाने आधी कोणतं काम करायचं असतं, तर यातलं मोठं काय आणि छोटं काय हे ठरवण्याचं. ते काम आता न होताच निभतं आहे.

आधीच सांगतो, जुन्या दिवसांबद्दल माझ्या मनात हळवेपणा नाही. मी शिकत होतो तेव्हा ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर, होता. पारदर्शक शीटवर परमनंट मार्करने लिहायचं, चूक झाली की स्पिरिटचा बोळा फिरवायचा, आणि आकृती तिरकी आली की नवी शीट घ्यायची. शीट महाग असायच्या. म्हणून एका शीटवर काय घालायचं याचा कच्चा कागद दोन-तीनदा लिहिला जायचा. त्या टंचाईतून विचार घडायचा हे खरं. पण ज्याचं अक्षर वाईट आणि चित्रकला कच्ची, त्याचा चांगला विचारही त्या शीटवर केविलवाणा दिसायचा, हेही तितकंच खरं. टंचाईचं कौतुक करणं सोपं असतं. ज्याने ती सोसली तो सहसा करत नाही.

पॉवरपॉइंटचा जन्म याच शीटपायी झाला. रॉबर्ट गॅस्किन्स यांनी १९८४ साली कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत या सॉफ्टवेअरचा पहिला आराखडा लिहिला. डेनिस ऑस्टिन आणि टॉम रडकिन यांनी ते घडवलं. सुरुवातीला त्याचं नाव ‘प्रेझेंटर’ होतं. १९८७ च्या एप्रिलमध्ये ते मॅकिंटॉशसाठी बाजारात आलं, तेही कृष्णधवल, आणि काम काय, तर ओएचपीच्या शीट छापून देणं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर मोजून कंपनीच विकत घेतली. त्या आराखड्यातली एक कल्पना मला फार मोलाची वाटते. तोवर मोठ्या कंपन्यांत कुणाला काही मांडायचं असलं की तो मजकूर कला विभागाकडे किंवा टायपिस्टकडे जायचा, तिथून सजून यायचा, दुरुस्तीसाठी परत जायचा. गॅस्किन्स यांचं म्हणणं असं होतं की ज्याच्याजवळ सांगण्यासारखं आहे त्याच्याच हातात मांडणीचा ताबा असला पाहिजे. मधला माणूस काढून टाकायचा.

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. आता तो मधला माणूस परत आला आहे. कला विभागाचं सगळं कसब त्याच्याजवळ आहे, तो झोपत नाही, कंटाळत नाही, दुरुस्ती सांगितली तर कुरकुरत नाही. फक्त पूर्वीचा कला विभाग मजकुराला हात लावत नसे, आणि हा नवा मदतनीस मजकूरही स्वतःच लिहून आणतो.

या मदतनिसाने आमच्या मुलांचं केलेलं भलं मात्र मी रोज बघतो. आमच्याकडची निम्मी-अधिक मुलं मराठी माध्यमातून आलेली आहेत. सर्किट हातात दिलं तर चटकन दोष शोधतील, पण इंग्रजीत स्लाइड लिहायची म्हटलं की घाम फुटतो. पूर्वी अशी मुलं सीनिअरची पीपीटी घेऊन त्यात नावं बदलत. त्या पीपीटीत सीनिअरच्या चुकाही वारशाने येत. एक चुकीचं वाक्य आमच्या विभागात कितीतरी बॅचनी इमानाने पुढे नेलेलं मी पाहिलं आहे. आता हीच मुलं आपलं म्हणणं मराठीत लिहितात आणि साधन त्याची नीट इंग्रजी स्लाइड करून देतं. भाषेची भीती जाणं ही लहान गोष्ट नाही. पहिल्या रिव्ह्यूला मान खाली घालून उभी राहणारी मुलगी दुसऱ्या रिव्ह्यूला पडद्याकडे हात करून बोलते, तेव्हा त्या साधनाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आता त्या ठिबकच्या प्रोजेक्टविषयी. चौघांचा गट होता, त्यातला एक मुलगा वाळवा तालुक्यातला, घरी ऊस. विषय असा: शेतात ओलाव्याचे सेन्सर लावायचे, माती कोरडी झाली की कंट्रोलर मोटर चालू करणार, पुरेशी भिजली की बंद करणार. पीपीटी उत्तम होती. पाण्याची बचत, खताची बचत, उत्पन्नात वाढ, मग ब्लॉक डायग्राम, मग निष्कर्ष. बोलणंही पाठ केलेलं. मी सहज विचारलं, “माती रात्री अकराला कोरडी झाली आणि लाईटच नसली तर?”

चौघांपैकी तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाळव्याचा मुलगा मात्र बोलायला लागला आणि थांबेना. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईट काही तासच असते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीत वडील अंधारात मळ्यात जातात. ऊस डोक्याच्या वर गेला की सापाची भीती असते, आता बिबट्याचीही. म्हणून जो तो स्टार्टरला ऑटो लावून ठेवतो, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. पण मग पाणी हवं असो नसो, मोटर चालतेच. “म्हणजे सर, माती कोरडी झाल्यावर पाणी द्यायचं हे आमच्याकडे चालतच नाही. उद्या दिवसा लाईट नाही म्हणून आज, माती अजून ओली असतानाच, थोडं द्यावं लागतं. कंट्रोलरला ओलाव्याआधी लाईटचं वेळापत्रक कळायला पाहिजे.”

हॉलमध्ये सगळे सावरून बसले. माझ्या शेजारच्या मॅडम भराभर लिहून घेऊ लागल्या. मी विचारलं, “अरे, मग हे स्लाइडवर का नाही?”

“सर, ते घरचं आहे ना. पीपीटीत काय घालायचं.”

मला त्या मुलाचा दोष दिसला नाही, आजही दिसत नाही. त्याला दहा शीर्षकं तयार मिळाली होती आणि त्यात ‘रात्रीची लाईट’ नावाचं शीर्षक नव्हतं. छापील चौकट आयती समोर आली की तिच्यात न बसणारं आपलंच ज्ञान आपल्याला कमी प्रतीचं वाटू लागतं. रिकाम्या कागदापुढे बसला असता तर कदाचित त्याने सुरुवातच वडिलांच्या रात्रपाळीपासून केली असती. चुकीच्या इंग्रजीत, वाकड्या अक्षरात, पण सुरुवात तिथून झाली असती. देखण्या स्लाइडने त्याला तेवढीच एक गोष्ट विसरायला लावली.

असं का होतं, याचं कारण या साधनांच्या कामाच्या पद्धतीतच आहे. आतलं भाषेचं मॉडेल माणसांनी आजवर लिहिलेल्या अफाट मजकुरावर शिकलेलं असतं. आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे त्याला नेमकं माहीत असतं. ठिबकवरच्या सादरीकरणात सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं गेलं आहे? पाण्याची बचत, खताची बचत, उत्पन्नात वाढ. ते तेच देतं, आणि ते चूकही नसतं. मग तो मजकूर ठरलेल्या साच्यांत ओतला जातो. तीन मुद्द्यांचा साचा, दोन रकान्यांचा, कालक्रमाचा. साचा देखणा दिसायला मुद्दे लांबीने सारखे लागतात, म्हणून एक मुद्दा उगाच ताणला जातो आणि दुसरा छाटला जातो. छाटलेल्यात काय गेलं हे कुणी पाहत नाही. वाळव्यातली रात्रीची लाईट त्या अफाट मजकुरात कुठेतरी असेलही, पण क्वचित, आणि जे क्वचित ते विचारल्याशिवाय वर येत नाही. नेमकं आपल्या समोरच्या माणसांसाठी मात्र बहुतेक वेळा तेच महत्त्वाचं असतं.

लिटरेचर सर्व्हेच्या स्लाइडवर कधी कधी अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध येतात, लेखकांच्या नावांसकट. चित्रात मराठी पाटी मागितली तर जोडाक्षरं अनेकदा मोडून येतात. हे दोष त्रासदायक आहेत, पण ते दिसतात, पकडता येतात, आणि साधनं सुधारतील तसे कमीही होतील. सारख्या वजनाचा दोष पकडता येत नाही, कारण तिथे खोटं काहीच नसतं.

आणि हा दोष यंत्राने आणलेला नाही. तो आपला आहे, यंत्राने तो आपल्याकडूनच उचलला. कोलंबिया अंतराळयानाची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. १६ जानेवारी २००३ रोजी यान उडालं. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. यान वर फिरत होतं तेव्हा खाली बोइंगचे अभियंते या आघाताचा हिशेब करत होते, आणि त्यांचे निष्कर्ष नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपात गेले. एका स्लाइडचं शीर्षक वाचलं तर दिलासा मिळावा असं होतं. चाचण्यांची आकडेवारी धोका कमी नव्हे तर जास्तच धरते, असा त्याचा सूर. खाली मुद्द्यांच्या पोटात मुद्दे, त्यांच्या पोटात आणखी मुद्दे. आणि तळाशी, बारीक अक्षरात, खरी बातमी: आदळलेल्या फोमचं आकारमान अंदाजे १९२० घनइंच, आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर वरचा दिलासा उभा होता त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा. सहाशे चाळीस पट. म्हणजे त्या चाचण्या या प्रसंगाला लागूच पडत नव्हत्या.

ही ओळ स्लाइडवर होती. कुणी लपवली नव्हती. तिला फक्त जागा तळाची मिळाली होती. १ फेब्रुवारीला परत येताना यान विखुरलं आणि सातही जण गेले, आपली कर्नालची कल्पना चावलाही त्यांत होती. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची चिरफाड केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालानेही ती स्लाइड छापून दाखवून दिलं, की अशी स्लाइड वाचणाऱ्या वरिष्ठाला इथे जिवाचा प्रश्न आहे हे लक्षात न येणं शक्य आहे. अपघात स्लाइडने घडवला असं कुणी म्हटलेलं नाही. फोमने पंख फोडला, आणि संस्थेच्या कामकाजाची घडीही दोषी ठरली. पण मोठी गोष्ट मोठी करून न मांडल्याने काय होऊ शकतं, हे सांगायला मला याहून स्पष्ट उदाहरण सापडलेलं नाही. वर्गात हे सांगताना दरवेळी तळाच्या त्या ओळीपाशी माझा आवाज चढतो, आणि चढू द्यावा असंच मला वाटतं.

पुढच्याच वर्षी, २००४ च्या जूनमध्ये, जेफ बेझोस यांनी अॅमेझॉनमधल्या वरिष्ठांच्या बैठकांत पॉवरपॉइंटवर बंदी घातली. त्याऐवजी सलग वाक्यांत लिहिलेलं टिपण, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते शांतपणे वाचायचं. त्यांनी दिलेलं कारण आमच्या विषयाला थेट भिडतं. सलग गद्य लिहिताना कशापेक्षा काय महत्त्वाचं आणि कशाचा कशाशी संबंध, हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं. मुद्द्यांच्या यादीत ते टाळता येतं. अनेक वर्षं हा उपाय मला पक्का वाटत होता. आता तोही तितका पक्का उरला नाही, कारण तेच साधन सहा पानांचं सलग गद्यही तेवढ्याच वेळात लिहून देतं. ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘तरीही’ हे शब्द त्यात जागच्या जागी असतात. फक्त त्या ‘म्हणून’च्या मागे कुणी डोकं खाजवलेलं नसतं.

मग उपाय मांडणीच्या प्रकारात नाही. स्लाइड की गद्य, यंत्राने केलेलं की हाताने, हा वाद मला दिवसेंदिवस दुय्यम वाटतो. चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची आपल्याकडची परंपरा पॉवरपॉइंटहून कितीतरी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे दिव्याच्या उजेडात पडद्यावर खेळ केले. ‘शांबरिक खरोलिका’ हे त्या खेळाचं नाव. काचेच्या त्या पट्ट्या म्हणजे शब्दशः स्लाइडच. पण त्याच्याही कितीतरी आधीपासून चालत आलेली सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी मला अधिक काही शिकवते.

पिंगुळीचे ठाकर कलावंत एका आख्यानाची सुटी चित्रं एकत्र ठेवतात, त्या संचाला पोथी म्हणतात. कथा सुरू होते, वीणा, टाळ, हुडूक वाजतात, आणि सांगणारा प्रसंगाप्रमाणे एकेक चित्र समोर धरतो. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. घरच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलं आहे. त्या पोथीत गोष्ट लिहिलेली नसते. ती सांगणाऱ्याच्या गळ्यात असते. कोणतं चित्र किती वेळ धरायचं, कुठे आवाज चढवायचा, समोर पोरं जास्त असली तर युद्धाचा प्रसंग किती लांबवायचा, हे चित्र ठरवत नाही. सगळी चित्रं साधारण एकाच मापाची. लहानमोठं करतो तो माणूस. पोथी बापाने किंवा आज्याने रंगवलेली असली तरी काही बिघडत नाही. चित्रं कुणी काढली यावर सांगणाऱ्याची सत्ता अवलंबून नव्हतीच, गोष्ट किती मुरली आहे यावर होती.

यंत्राने काढलेल्या स्लाइडविषयी माझी भूमिका इथे येऊन थांबते. चित्रं त्याला काढू द्यावीत. गोष्ट मुरलेली असेल तर चित्रं कुणी काढली याने फरक पडत नाही. मुरलेली नसेल, तर चित्रं जितकी देखणी तितकी ती उणीव उशिरा लक्षात येते.

हे मी नुसतं कल्पनेने म्हणत नाही. माझी एक मैत्रीण बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गावाने वर्गणी काढून वर्गात टीव्ही बसवला आहे आणि ती रोज संध्याकाळी फोनवर दुसऱ्या दिवसाच्या पाठाच्या स्लाइड करून घेते. देवमासा, ज्वालामुखी, रेल्वेचं इंजिन, जे तिच्या मुलांनी पाहिलेलं नाही ते सगळं. या साधनाने तिचे तासन्‌तास वाचवले आहेत, आणि ते तास ती वाचनात मागे पडलेल्या मुलांना देते. दुसरीच्या वर्गासाठी तिने ‘आपली घरे’ या पाठाच्या स्लाइड मागितल्या. साधनाने बंगला दिला, उंच इमारतीतला फ्लॅट दिला, कौलारू घर दिलं, बर्फाचं इग्लूसुद्धा दिलं. सुरेख चित्रं. तिने ती सगळी ठेवली आणि मध्ये एक स्वतः काढलेला फोटो घातला: कारखान्याच्या तळावरची उसाच्या पाचटाची कोपी. वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मुलंही त्यांच्याबरोबर जातात, आणि हंगाम संपेपर्यंत त्यांचं घर म्हणजे ती कोपी.

तो फोटो आला आणि वर्ग बोलायला लागला. कोपीचं दार कोणत्या अंगाला ठेवायचं, पाऊस आला की पांघरुणं कुठे न्यायची, चूल बाहेर का. एका मुलाने कोपी कशी बांधतात ते खडूने फरशीवर काढून दाखवलं. मैत्रीण मला म्हणाली, “बाकीच्या स्लाइड मी दहा मिनिटांत उरकल्या. त्या एका फोटोवर तास गेला.”

ती हे ठरवू शकली ते कशामुळे? तिला समोरची मुलं माहीत होती. तोडक्या संगणकज्ञानाचं कौतुक म्हणून मी हे सांगत नाही. ती तंत्रात माझ्या विद्यार्थ्यांइतकीच तरबेज आहे. पण साधन उघडण्याआधीच तिच्या मनात उद्याचा वर्ग भरलेला असतो. कोण बसणार, कुणाचं घर कसं, कोण गेल्या आठवड्यात तळावरून परत आलं. हे तिने साधनाला लिहून दिलं असतं तर त्याने कदाचित कोपीचं चित्रही काढून दिलं असतं, आणि त्यालाही माझी हरकत नाही. लिहून द्यायला ते आधी तिच्याजवळ असावं लागतं.

म्हणून आता मी मुलांना साधन वापरू नका असं सांगत नाही, उशिरा वापरा असं सांगतो. आधी वही. शेतात गेलात, वर्कशॉपमध्ये गेलात, कुणाशी बोललात, ते सगळं मराठीत, जसं येईल तसं. मग त्यातल्या एकाच गोष्टीला चौकट करा, जी ऐकल्यावर ऐकणाऱ्याने पाठ सरळ करून बसावं. त्यानंतर ती वही साधनाला द्या. शिवाय त्याला स्लाइड मागण्याआधी प्रश्न मागा: यात काय पटत नाही, कुठे अडेल, कोणता आकडा कुठून आला. या कामात ही साधनं फार चांगली आहेत आणि मुलांना त्याचा पत्ताच नसतो. लाजाळू मुलाला सरांपुढे अडखळण्यापेक्षा मध्यरात्री फोनवरच्या साधनापुढे अडखळणं सोपं जातं, आणि रिव्ह्यूला येईपर्यंत त्याचं अर्धं भय सरलेलं असतं.

वाळव्याच्या गटाने पीपीटी बदलली. लाईटच्या पाळ्यांचा तक्ता पहिल्याच स्लाइडवर आला, आठवड्याचे सात दिवस आणि तास, त्याखाली ओलाव्याचा आलेख. पाण्याच्या बचतीची तीन चिन्हांची देखणी स्लाइड शेवटून दुसरी गेली. साधनाला नवा क्रम सांगितला तेव्हा त्याने ती बदललेली मांडणीही पहिल्याइतकीच सुबक करून दिली. त्याला क्रमाचं काही वाटत नव्हतं.

आता प्रश्न आमचा, शिक्षकांचा आहे. आमच्या मूल्यमापनाच्या कागदावर ‘सादरीकरण’ असा रकाना होता आणि त्याला १० गुण होते. स्लाइडची स्वच्छता, अक्षरांचा आकार, आकृत्यांची सुबकता, व्याकरण. या सगळ्यात आता प्रत्येक गटाला पैकीच्या पैकी द्यावे लागत होते, म्हणजे त्या गुणांना अर्थ राहिला नव्हता. मी विभागाच्या बैठकीत मांडलं की पहिली दहा मिनिटं प्रोजेक्टर बंद ठेवायचा. गटाने फळ्यावर, खडूने, आपलं काम सांगायचं, पीपीटी त्यानंतर.

शेजारच्या मॅडमनी विरोध केला आणि त्यांचा मुद्दा खरा होता. बोलायला कचरणाऱ्या मुलांना स्लाइडचाच आधार असतो. तो काढून घेतला तर गुण पुन्हा इंग्रजी शाळेतल्या चुरचुरीत मुलांकडे जातील. मी म्हटलं, ती दहा मिनिटं मराठीत बोलू द्या. त्यांनी विचारलं, बाहेरचे परीक्षक मराठी समजणारे नसले तर? याला माझ्याजवळ चांगलं उत्तर नव्हतं. बरीच चर्चा होऊन असं ठरलं की ऑगस्टमधल्या पहिल्या रिव्ह्यूला बाहेरचं कुणी नसतं, आपणच असतो, तर सुरुवात तिथून करायची आणि जमतं का ते पाहायचं. कागदावरचा ‘सादरीकरण’ हा रकाना खोडला आहे. त्या जागी काय लिहायचं यावर अजून एकमत झालेलं नाही. मी ‘काय मोठं केलं आणि का’ असं सुचवलं आहे. मॅडम म्हणतात, ‘काय गाळलं आणि का’ असं लिहा, त्यावरून जास्त कळेल.